सेवाग्रामचा संवाद : ख्रिस्ती शांतिवादी आणि वऱ्हाडचा शेजार

१

वऱ्हाडच्या इतिहासाचीं साधनें म्हटलीं म्हणजे सनदा, महजर, वतनांचे तंटे आणि निजाम व नागपूरकर भोसले यांच्या दुअमली कारभाराचे कागद आपल्या डोळ्यांपुढें प्रथम उभे राहतात, आणि तें स्वाभाविकच आहे. परंतु विसाव्या शतकांत वर्धा नदीच्या पूर्वेस, वऱ्हाडच्या शिवेपासून फार दूर नसलेल्या एका लहान खेड्यांत असा एक संवाद घडून आला कीं, त्याचे धागे एका बाजूस अमेरिकेंतील कृष्णवर्णीयांच्या हक्कांच्या चळवळीपर्यंत व दुसऱ्या बाजूस नागा डोंगरांतील युद्धविरामापर्यंत जाऊन पोंचतात. तें खेडें म्हणजे सेगांव. त्याचें नांव पुढें १९४० सालीं सेवाग्राम असें ठेवण्यांत आलें. कारण वऱ्हाडांतील शेगांव व वर्ध्याजवळील हें सेगांव यांच्या नांवांत घोटाळा होऊन टपाल भलतीकडे जात असे.

संवादाचा विषय थोडक्यांत असा. शत्रूवरही प्रीति करावी ही आज्ञा ज्या धर्माच्या मुळाशीं आहे, त्याच धर्माचीं म्हणविणारीं राष्ट्रें एकमेकांवर तोफा कां डागतात? ती आज्ञा खरोखर पाळावयाची झाल्यास राज्य, उद्योग व शाळा यांची रचना कशी असावी लागेल? आणि एका धर्माचा मनुष्य दुसऱ्या धर्माच्या माणसाची सेवा करतो तेव्हां त्या सेवेच्या पोटीं दुसरा कांहीं हेतु असावा किंवा नसावा? हे प्रश्न विचारण्यास अमेरिका, इंग्लंड, आफ्रिका व जपान येथून माणसें आलीं, आणि कांहीं माणसें येथेंच राहिलीं.

या संवादाकडे पाहतांना एक समज प्रथमच दूर केला पाहिजे. तो असा कीं, निरनिराळ्या धर्मांचे सज्जन एकत्र जमले, त्यांचें एकमत झालें आणि त्यांतून शांतीचा संदेश निघाला. कागदपत्रांवरून दिसतें तें याहून वेगळें आहे. येथें एकमत क्वचितच झालें. पाहुण्यांनीं यजमानास व यजमानानें पाहुण्यांस आपापल्या अवघड जागीं बोट ठेवून विचारलें. आणि जेथें असा प्रश्न विचारला गेला व ऐकून घेतला गेला तेथें पुढें कांहीं काम उभें राहिलें, जेथें तो टाळला गेला तेथें जखम तशीच राहिली. हें विधान प्रसंगाप्रसंगानें तपासून पाहणें हाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

२

वऱ्हाड ही फार जुन्या काळापासून सीमेवरची भूमि. इ. स. १८०३ च्या नोव्हेंबरांत अडगांवची लढाई झाली, डिसेंबरांत गाविलगड इंग्रजांच्या हातीं पडला, आणि देवगांवच्या तहानें भोसल्यांचा या प्रांतावरील हक्क संपला. पुढें १८५३ सालीं निजामानें हा मुलूख इंग्रजांच्या स्वाधीन केला व १९०२ सालीं तो त्यांस कायम पट्ट्यानें दिला. म्हणजे मालकी एकाची व अंमल दुसऱ्याचा अशी स्थिति येथें जवळजवळ शंभर वर्षें होती. चांदूर बाजार हें गांव १९०५ सालापर्यंत जुन्या एलिचपूर जिल्ह्यांत मोडत असे. त्या वर्षीं तो जिल्हा अमरावतींत मिळविण्यांत आला. खालीं कपाशीचें मैदान, वर मेळघाटांतील कोरकूंची वस्ती, आणि मध्यें हिंदु व मुसलमान यांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे मोहल्ले असलेलीं बाजाराचीं गांवें. अशा ठिकाणीं धर्माधर्मांचा संबंध ही पंडितांच्या चर्चेची बाब नसून रोजच्या शेजाराची बाब असते.

चांदूर बाजारानजीकच्या माधान येथें राहिलेले प्रज्ञाचक्षु गुलाबराव महाराज (इ. स. १८८१-१९१५) यांनीं समन्वयाचा जो विचार मांडला त्याचें मोल या पार्श्वभूमीवर अधिक कळतें. तान्हेपणींच दृष्टि गेलेल्या या पुरुषानें अवघ्या चौतीस वर्षांच्या आयुष्यांत विपुल ग्रंथरचना करून मतामतांतील विरोधाचा परिहार करण्याचा यत्न केला. म्हणजे ज्या प्रश्नासाठीं पुढें समुद्रापलीकडून माणसें वर्ध्यास आलीं, तो प्रश्न या तालुक्यांत आधींच विचारला गेला होता.

ख्रिस्ती धर्म या भागांत आला तो मुख्यतः मिशनऱ्यांच्या द्वारें. एलिचपूर व चिखलदरा या बाजूस कोरकू लोकांत काम करण्यासाठीं इ. स. १८९० च्या सुमारास एक स्वतंत्र मिशन स्थापन झालें; परतवाड्यानजीक कोठारा येथील कुष्ठरुग्णालयाचा उगम त्याच कामांत आहे. इ. स. १८९६-९७ व १८९९-१९०० या दोन दुष्काळांनीं हा मुलूख होरपळून निघाला. त्या काळांत निराधार मुलांस आसरा देण्याचें काम मिशनांनीं केलें, हें कृतज्ञतेनें सांगितलें पाहिजे. ज्या महारोग्यास घरच्यांनीं वेशीबाहेर ठेवलें त्याच्या जखमा धुणाऱ्यास त्याचा धर्म विचारण्याचें कारण नाहीं. परंतु दुष्काळांत वाढलेलें मूल ज्याचें अन्न खातें त्याच्याच धर्मांत वाढतें, हेंही लोकांच्या ध्यानांत आलें, आणि सेवेविषयींच्या आदराबरोबर एक शंकाही रुजली. सेवा ही सेवेसाठीं, कीं धर्मांतरासाठीं? ही शंका पन्नास वर्षें उघडपणें कोणीं कोणाला विचारली नाहीं. सेगांवीं ती विचारली गेली.

३

महात्मा गांधी ३० एप्रिल १९३६ रोजीं सेगांवीं राहावयास गेले. त्याच वर्षीं अमरावती जिल्ह्यांतील यावलीचे तुकडोजी महाराज तेथें येऊन राहिले व त्यांच्या भजनांनीं आश्रमाची प्रार्थना दुमदुमली. नोव्हेंबर महिन्यांत डॉ. जॉन आर. मॉट आले. मॉट हे अमेरिकन. जगांतील ख्रिस्ती विद्यार्थ्यांच्या व तरुणांच्या चळवळीचे ते अग्रणी होते, व पुढें १९४६ सालीं शांततेचें नोबेल पारितोषिक त्यांना विभागून मिळालें. अशा मनुष्याशीं गांधीजींचें जें बोलणें झालें तें ‘हरिजन’ पत्रांत सविस्तर छापलें गेलें.

या भेटीची वेळ ध्यानांत घेतली पाहिजे. १३ ऑक्टोबर १९३५ रोजीं येवले येथें डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं आपण हिंदु म्हणून मरणार नाहीं असें जाहीर केलें होतें, आणि त्यांच्या अनुयायांस आपल्याकडे वळवूं पाहणाऱ्या धर्मसंस्थांची धांवपळ सुरू झाली होती. गांधीजींनीं मॉट यांस स्पष्ट सांगितलें कीं, ही चढाओढ धर्माला शोभणारी नाहीं. सेवेआड दुसरा हेतु ठेवल्यास सेवाही बाटते. मॉट यांची बाजू अशी कीं, अनुचित मार्ग निंद्यच होत, परंतु ज्यास आपल्या श्रद्धेंत जीवनाचा आधार सांपडला त्यानें तो दुसऱ्यास सांगूंच नये असें म्हणतां येणार नाहीं. दोन्ही बाजूंस वजन होतें आणि कोणीही आपली बाजू सोडली नाहीं.

परंतु याच संभाषणांत गांधीजींनीं, धर्मोपदेश समजण्याची पात्रता अस्पृश्य गणल्या गेलेल्या लोकांत नाहीं असें सुचवितांना, गाईला उपदेश करण्याची उपमा दिली. ती उपमा अनेकांस झोंबली व ती झोंबावी हें योग्यच होतें. इतिहासाच्या अभ्यासकानें ती झांकूं नये. दोन थोर पुरुष ज्यांच्या आत्म्याच्या हिताविषयीं वाद घालीत होते, ते लोक त्या खोलींत नव्हते. त्यांस कोणीं कांहीं विचारलें नव्हतें. सेगांवच्या संवादांत टाळला गेलेला प्रश्न कोणता असें विचारल्यास तो हा. त्याचें उत्तर वीस वर्षांनीं, १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं, नागपुरास मिळालें. ज्यांच्या समजशक्तीविषयीं शंका घेतली गेली होती, त्यांनीं आपला निर्णय आपण केला, आणि तो ना मॉट यांच्या बाजूचा होता ना गांधीजींच्या.

त्याच वर्षाच्या अखेरीस, ३१ डिसेंबर १९३६ रोजीं, डॉ. बेंजामिन मेज हे वर्ध्यास आले. मेज हे दक्षिण कॅरोलिना प्रांतांतील, गुलामगिरींतून मुक्त झालेल्या आईबापांच्या पोटीं जन्मलेले बॅप्टिस्ट धर्मोपदेशक. म्हैसूर येथें भरणाऱ्या ख्रिस्ती तरुणांच्या जागतिक परिषदेसाठीं ते हिंदुस्थानांत आले होते. त्यांनीं विचारलें तें पुस्तकी नव्हतें. ज्या देशांत आपण संख्येनें थोडे, ज्या देशाचा कायदा व जमाव दोन्ही आपल्या विरुद्ध, तेथें अहिंसेनें काय साधेल? ती निव्वळ सोसण्याची रीत नव्हे काय? गांधीजींचें म्हणणें असें कीं, अहिंसा ही निष्क्रिय नव्हेच. ती सर्वांत क्रियाशील शक्ति आहे, मात्र तिचा मोठा भाग डोळ्यांस दिसत नाहीं. मेज एवढ्यावर थांबले नाहींत. तुम्ही अस्पृश्यतेवर प्रहार करतां, मग जातिसंस्थेवरच कां करीत नाहीं, हेंही त्यांनीं विचारलें. वर्णभेदाचे चटके सोसलेल्या माणसानेंच हा प्रश्न करावा यांत नवल नाहीं. जाति ही श्रमविभाग म्हणून समर्थनीय आहे, असें जें उत्तर त्यांस मिळालें तें त्यांनीं आदरपूर्वक नोंदून ठेविलें व १९७१ सालीं प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रांत सांगितलें. त्या उत्तरानें आज कोणाचें समाधान होणार नाहीं. तथापि ज्याच्यापाशीं शिकावयास आलों त्यासच त्याच्या घरचा दोष दाखविणें, आणि दाखवूनही त्याच्यापासून घेण्यासारखें तें घेणें, ही मेज यांची रीत या सर्व इतिहासांत आदर्श मानण्याजोगी आहे.

४

येऊन विचारून गेलेल्या माणसांपेक्षां येथें राहून काम केलेल्या ख्रिस्ती माणसांचा वांटा अधिक टिकाऊ ठरला. त्यांतील पहिलें नांव जे. सी. कुमारप्पा यांचें. तंजावर येथें ४ जानेवारी १८९२ रोजीं ख्रिस्ती कुटुंबांत जन्मलेले, लंडनांत हिशेबतपासनिसाचें व अमेरिकेंत अर्थशास्त्राचें शिक्षण घेतलेले हे गृहस्थ १९२९ सालीं गांधीजींस भेटले आणि मुंबईंतील विलायती राहणीचा त्याग करून त्यांच्या कामांत शिरले. डिसेंबर १९३४ मध्यें वर्धा येथें अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, त्याचे ते चिटणीस झाले. जमनालाल बजाज यांनीं दिलेल्या बागेंत, मगनवाडींत, तेलघाणी, हातकागद, गूळ, मधमाशापालन, कुंभारकाम यांचे प्रयोग चालत.

कुमारप्पांचा धर्म हा त्यांच्या अर्थशास्त्राहून निराळा नव्हता. १९३० सालीं कायदेभंगाची चळवळ सुरू होतांच त्यांनीं हिंदुस्थानांतील ख्रिस्ती लोकांस व मिशनऱ्यांस असें आवाहन केलें कीं, अहिंसेच्या या लढ्याच्या पाठीशीं उभें राहणें हें येशूच्या अनुयायांचें कर्तव्य होय. त्यावर कलकत्त्याचे मेट्रोपॉलिटन बिशप फॉस वेस्टकॉट यांच्याशीं त्यांचा वाद झाला. कायदा मोडणें येशूच्या शिकवणीस धरून नाहीं असें बिशपांचें मत. तर सत्तेच्या छायेंत राहून चर्चनें आपल्या गुरूच्या मूळ शिकवणीचा विसर पडूं दिला आहे, असा कुमारप्पांचा उलट आक्षेप. एकाच धर्माच्या दोन प्रामाणिक माणसांत पडलेली ही फूट दाखविते कीं, जगाची विभागणी धर्माधर्मांतच असते असें नाहीं. ती एका धर्माच्या आंतही असते.

१९४२ नंतरच्या तुरुंगवासांत कुमारप्पांनीं येशूच्या आचरणावर व उपदेशावर एक पुस्तक लिहिलें. त्यास गांधीजींनीं प्रस्तावना लिहिली. त्याच सुमारास त्यांचें टिकाऊ अर्थव्यवस्थेवरील पुस्तकही तयार झालें. त्यांच्या प्रतिपादनाचें सार साध्या शब्दांत असें सांगतां येईल. जो समाज आपल्या रोजच्या गरजेच्या वस्तु दूर देशांतून आणतो, त्यास त्या वस्तूंच्या वाटा राखाव्या लागतात. वाटा राखावयाच्या म्हणजे आरमार व फौज आली. आणि फौज आली कीं युद्ध दूर नाहीं. यास्तव युद्ध नको म्हणणाऱ्यानें प्रथम आपल्या घरांतील तेल, कापड व साखर कोठून येतें हें पाहावें. वऱ्हाडच्या वाचकास हें सांगणें परकें वाटूं नये. आपल्या कापसाचे गठ्ठे १८६० नंतरच्या दशकांत, अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें तिकडचा कापूस बंद पडला म्हणून, मँचेस्टरकडे वाहूं लागले. भाव चढले आणि युद्ध संपतांच कोसळले. दूरच्या युद्धाची किंमत शेतकरी आपल्या बांधावर मोजतो हें येथें अनुभवानें ठाऊक आहे.

दुसरे ई. डब्ल्यू. आर्यनायकम्. हे सिंहलद्वीपांतील तामिळ ख्रिस्ती. शांतिनिकेतनांतून ते पत्नी आशादेवी यांसह वर्ध्यास आले आणि ऑक्टोबर १९३७ च्या वर्धा शिक्षणपरिषदेनंतर नयी तालीमचें काम त्यांच्या अंगावर पडलें. तिसऱ्या मार्जरी साइक्स. या इंग्रज बाई १९२८ सालीं मद्रासेस शिक्षिका म्हणून आल्या, पुढें क्वेकर पंथांत गेल्या, शांतिनिकेतनांत राहिल्या व अखेर सेवाग्रामांत येऊन शिक्षकांस शिकवूं लागल्या. क्वेकर पंथ हा सतराव्या शतकापासून युद्धांत भाग न घेण्याच्या व्रतानें बांधलेला. त्याच्या सेवासंस्थांस १९४७ सालीं नोबेल शांतिपारितोषिक मिळालें. या तिघांनीं धर्मांतराचें काम केलें नाहीं व आपला धर्मही लपविला नाहीं. मॉट यांच्या भेटींत जो वाद सुटला नाहीं, तो यांनीं वादानें न सोडवितां रोजच्या कामांत सोडविला असें म्हणण्यास हरकत नाहीं.

५

१९३८ च्या डिसेंबरांत मद्रासेजवळ तांबरम् येथें आंतरराष्ट्रीय मिशनरी परिषद भरली. जपानचें चीनवर आक्रमण चालू असतां त्या दोन्ही देशांचे ख्रिस्ती प्रतिनिधि तेथें एकत्र बसले, ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. परिषदेपूर्वीं मॉट पुन्हां सेगांवीं आले व इतर कांहीं मिशनरी नेतेही आले. म्युनिकचा करार होऊन तीन महिनेही लोटले नव्हते. पाहुण्यांनीं या वेळीं जो प्रश्न घातला तो अहिंसेवरील सर्वांत कठीण आक्षेप होय. तुमचा सामना इंग्रजांशीं झाला, त्यांस लोकमताची चाड असते. ज्या हुकूमशहांस कसलीच चाड नाहीं त्यांपुढें तुमचा उपाय काय चालणार? मनुष्यस्वभाव मुळांत एकच आहे, म्हणून प्रीतीचा परिणाम कोणावरच होणार नाहीं असें गृहीत धरतां येत नाहीं, असें गांधीजींचें उत्तर होतें.

पुढील सात वर्षांत युरोपांत जें घडलें तें पाहतां या उत्तराची परीक्षा अत्यंत कठोर झाली, हें मान्य केलें पाहिजे. ज्यूंच्या संहाराच्या छावण्यांसमोर कोणतेंही सूत्र पुरें पडत नाहीं. ख्रिस्ती शांतिवाद्यांतही या काळांत दोन तट पडले. पूर्वीं युद्धविरोधी असलेल्या पुष्कळांनीं शस्त्र हातीं घेणें पत्करलें, तर कांहींनीं तुरुंग किंवा शुश्रूषापथकें पत्करलीं. १९४२ सालीं होरेस अलेक्झांडर हे क्वेकर गृहस्थ अशाच एका शुश्रूषापथकासह हिंदुस्थानांत आले. पुढें १५ ऑगस्ट १९४७ रोजीं कलकत्त्यांत बेलियाघाट येथील ज्या घरांत गांधीजी दंगल शमविण्यासाठीं सुहरावर्दींसह राहिले होते, त्या घरांत अलेक्झांडरही होते. देशाची फाळणी होत असतां एक हिंदु, एक मुसलमान व एक ख्रिस्ती एका छपराखालीं राहून शहराचा क्षोभ आवरीत होते, हें दृश्य कोणत्याही परिषदेच्या ठरावापेक्षां बोलकें आहे.

६

दुसऱ्या महायुद्धानंतर जगांतील शांतिवाद्यांनीं हिंदुस्थानांत जमून गांधीजींशीं विचारविनिमय करावा अशी योजना चालली होती. ३० जानेवारी १९४८ रोजीं गांधीजींचा खून झाला. तरीही योजना सोडून देण्यांत आली नाहीं. डिसेंबर १९४९ मध्यें जागतिक शांतिवादी परिषद दोन ठिकाणीं भरली : १ ते ८ तारखेपर्यंत शांतिनिकेतनांत व नाताळच्या आदल्या दिवसापासून वर्षअखेरपर्यंत सेवाग्रामांत. अध्यक्ष डॉ. राजेंद्रप्रसाद होते.

आलेल्यांत इंग्लंडच्या लेखिका व्हेरा ब्रिटन होत्या. पहिल्या महायुद्धांत त्यांचा वाग्दत्त वर व भाऊ मारले गेले होते. दुसऱ्या महायुद्धांत शत्रूच्या शहरांवर सरसकट बाँब टाकण्याविरुद्ध त्यांनीं लेखणी उचलली व स्वदेशांत रोष पत्करला. फिनलंडचे यर्यो कॅलिनेन होते. शांतिवादी असूनही १९४६ ते १९४८ या काळांत ते आपल्या देशाचे संरक्षणमंत्री होते. दक्षिण आफ्रिकेंतून प्राध्यापक डी. डी. टी. जबावू आले. फोर्ट हेअर येथें अनेक वर्षें अध्यापन केलेले हे मेथॉडिस्ट गृहस्थ. त्यांच्या देशांत आदल्याच वर्षीं वर्णविभक्तीचें राज्य सुरू झालें होतें. परत गेल्यावर या प्रवासाचा वृत्तांत त्यांनीं खोसा भाषेंत लिहिला व तो १९५१ सालीं छापला गेला. ज्या भाषेंत हिंदुस्थानविषयीं वाचावयास फारसें नव्हतें, तींत अशा रीतीनें सेवाग्रामची हकीकत गेली.

या परिषदेपुढचा प्रश्न यजमानांस अवघड होता. नव्या राष्ट्रापाशीं आतां स्वतःची फौज होती. वऱ्हाडला लागून असलेल्या निजामाच्या राज्यांत सप्टेंबर १९४८ मध्यें ती फौज शिरली होती, आणि काश्मीरांतील लढाई १ जानेवारी १९४९ रोजीं थांबून वर्षही लोटलें नव्हतें. रझाकारांच्या जुलमामुळें मराठवाड्यांतून पळून आलेलीं कुटुंबें वऱ्हाडानें डोळ्यांनीं पाहिलीं होतीं. त्या जुलमाचा अंत शस्त्रानें झाला याचा येथें आनंदच झाला होता. मग अहिंसेचें नांव कोणत्या तोंडानें घ्यावयाचें? परिषदेनें या प्रश्नाचें उत्तर दिलें असें म्हणतां येणार नाहीं. राष्ट्राराष्ट्रांनीं फौजा मोडाव्या अशी आज्ञा करण्याचा अधिकार तिला नव्हता. तिनें काढलेला मार्ग लहान होता : प्रत्येक देशांत सत्याग्रही पथकें तयार व्हावींत, त्यांनीं संकटाची वाट न पाहतां नित्याच्या सेवेंतून आपली तयारी ठेवावी, आणि वैर पेटेल तेथें मध्यें उभें राहावें. परिषदेचा वृत्तांत १९५१ सालीं शांति जोडण्याचें कार्य अशा अर्थाच्या नांवानें विश्वभारतीनें प्रसिद्ध केला. १९५७ सालीं विनोबांनीं उभारलेली शांतिसेना व १९६२ च्या आरंभीं लेबानन देशांत स्थापन झालेलें जागतिक शांतिपथक या कल्पनेच्याच पुढील शाखा होत.

७

बीज किती रुजलें हें पाहावयाचें तर तीन गोष्टी नोंदल्या पाहिजेत.

पहिली अमेरिकेंतील. मेज हे १९४० पासून अटलांटा येथील मोरहाऊस महाविद्यालयाचे अध्यक्ष होते. तेथें मार्टिन ल्यूथर किंग हा विद्यार्थी त्यांच्या प्रभावाखालीं आला. पुढें फिलाडेल्फियांत हिंदुस्थानचा प्रवास करून आलेल्या डॉ. मॉर्डेकाय जॉन्सन यांचें गांधीजींवरील व्याख्यान ऐकून आपण लगेच त्या विषयावरील पुस्तकें विकत घेतलीं, असें किंग यांनीं १९५८ सालच्या आपल्या ग्रंथांत लिहिलें आहे. माँटगोमेरी येथील बसगाड्यांवरील बहिष्कार १९५५-५६ चा. वर्ध्यास मेज यांनीं विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर त्यांच्याच शिष्यानें आचरून दाखविलें. संख्येनें थोडे असलेल्यांनीं काय करावें, हें तेथें दिसून आलें.

दुसरी गोष्ट घराजवळची व अधिक नाजूक. वऱ्हाड तेव्हां मध्यप्रदेश राज्यांत होता. त्या सरकारनें १९५४ सालीं मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करण्यासाठीं नागपूर हायकोर्टाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश डॉ. भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली. तिचे एक सभासद एस. के. जॉर्ज हे वर्ध्याच्या वाणिज्य महाविद्यालयांतील प्राध्यापक होते. हे केरळीय ख्रिस्ती; कायदेभंगाच्या काळांत गांधीजींची बाजू घेतल्यामुळें त्यांनीं कलकत्त्याच्या धर्मशिक्षणसंस्थेंतील जागा सोडली होती, आणि गांधीजींनीं ख्रिस्ती धर्मापुढें कोणतें आव्हान ठेविलें यावर १९३९ सालीं ग्रंथ लिहिला होता. १९५६ च्या अहवालानें, ज्यांचा मुख्य हेतु धर्मांतर आहे अशा परदेशीय मिशनऱ्यांस परत जाण्यास सांगावें, अशी शिफारस केली. ख्रिस्ती समाजांत त्यावर तीव्र नाराजी झाली. समितीनें एकाच बाजूचें अधिक ऐकलें हा त्यांचा आक्षेप होता. आपल्या धर्मावरील आपली निष्ठा न सोडतां आपल्याच लोकांच्या मार्गावर आक्षेप घेणारा जॉर्ज यांच्यासारखा पुरुष अशा वेळीं दोन्ही तटांच्या मध्यें एकटा पडतो. सेवेच्या हेतूविषयींचा जो प्रश्न सेगांवीं दोन माणसांनीं स्नेहानें बोलून पाहिला, तोच सरकारी चौकशीच्या रूपानें आला तेव्हां स्नेह मावळला व तट मात्र उरले. आणि ज्यांनीं धर्म बदलला त्या गोरगरिबांचें स्वतःचें म्हणणें याही वेळीं दोहों बाजूंच्या गलबल्यांत मागेंच पडलें.

तिसरी गोष्ट ईशान्येकडील. नागा प्रदेशांत १९५० नंतरच्या दशकांत हिंदी फौज व स्वतंत्रतावादी नागा यांचें युद्ध पेटलें. तेथील बहुसंख्य लोक बॅप्टिस्ट. १९६४ च्या आरंभीं वोखा येथें जमलेल्या बॅप्टिस्ट चर्चनें शांतिमंडळाची कल्पना पुढें मांडली. जयप्रकाश नारायण, आसामचे मुख्यमंत्री विमलाप्रसाद चालिहा व इंग्रज धर्मोपदेशक मायकेल स्कॉट हे त्याचे सभासद झाले, आणि ६ सप्टेंबर १९६४ पासून युद्धविराम अंमलांत आला. तो पाळला जातो कीं नाहीं हें पाहण्यासाठीं नेमलेल्या निरीक्षकांत सेवाग्रामच्या मार्जरी साइक्स होत्या. मंडळाचा शेवट गोड झाला नाहीं : १९६६ सालीं जयप्रकाशांनीं राजीनामा दिला, स्कॉट यांस देशाबाहेर घालविण्यांत आलें, व राजकीय तोडगा निघाला नाहीं. परंतु त्या काळांत जीं गांवें जळावयाचीं तीं राहिलीं, आणि जीं मुलें डोंगरांत लपावयाचीं तीं शाळेंत गेलीं. शांतीच्या कामाचें माप घेतांना न घडलेल्या गोष्टीही हिशेबांत धराव्या लागतात, हें इतिहासकारास अवघड वाटलें तरी खरें आहे.

८

वरील प्रसंगांवरून जो निष्कर्ष निघतो तो असा. ख्रिस्ती श्रद्धेनें जगांत शांति आणली असें म्हणण्यास इतिहासाचा आधार नाहीं. ख्रिस्ती म्हणविणाऱ्या राष्ट्रांनींच दोन महायुद्धें केलीं. त्या श्रद्धेनें शांतीच्या कामास कांहींच दिलें नाहीं असें म्हणण्यासही आधार नाहीं. मेज, कुमारप्पा, अलेक्झांडर, जबावू, जॉर्ज व साइक्स यांस जें बळ लाभलें तें त्यांच्या श्रद्धेंतूनच लाभलें, आणि तें त्यांनीं बहुधा आपल्याच समाजाची नाराजी पत्करून वापरलें. या सर्वांत एक गुण समान दिसतो. दुसऱ्यास अवघड प्रश्न घालण्यापूर्वीं त्यांनीं तो स्वतःस घातला होता.

संवादाची उणीवही त्याच जोरानें सांगितली पाहिजे. ज्यांच्याविषयीं बोलणें चाललें होतें त्यांस बोलण्यांत घेतलें नाहीं, तेथें तेथें शांति अपुरी राहिली. सेगांवींही व नियोगी समितीपुढेंही. माधानपासून मोझरीपर्यंत आणि चिखलदऱ्यापासून वर्ध्यापर्यंत या भागांत समन्वयाचें बोलणें पुष्कळ झालें आहे. त्यांतील कोणतें बोलणें मेळघाटांतील कोरकूच्या, महारवाड्यांतील शेतमजुराच्या किंवा कोठाऱ्याच्या रुग्णाच्या उपस्थितींत झालें, आणि कोणतें त्याच्या पाठीमागें झालें, या कसोटीनें आपल्या स्थानिक कागदांकडे पुन्हां एकवार पाहावें, एवढेंच अभ्यासकांस सुचवून हा लेख पुरा करितों.